आबाजी बोलतात, पण ऐकू येत नाही

संध्याकाळची वेळ डोळ्यांसमोर आणा. भंडारा जिल्ह्यातले कोणतेही गाव घ्या, पवनीकडचे घ्या की मोहाडी-तुमसरकडचे घ्या. छपरीत खाटेवर आबाजी बसले आहेत. मुलगा शेतावरून आला, पाय धुतले, तेवढ्यात आबाजी त्याला काही म्हणाले. "का म्हन्ता जी?" मुलाने विचारले. आबाजी पुन्हा बोलले. पुन्हा कळले नाही. तिसऱ्या वेळी मुलाचा आवाज चढला, "मोठ्यानं बोला ना जी!" आबाजींनी मान फिरवली आणि ते गप्प झाले. सुनेला वाटले, मामाजी रागावले. नातवाला वाटले, आबाजींना आता काही सुचत नाही. आबाजींना काय वाटले, ते कोणी विचारले नाही. त्यांना वाटत होते की घरातली सगळी माणसे बहिरी झाली आहेत, नाहीतर मुद्दाम ऐकत नाहीत.

आणि ते विचारत तरी काय होते? तलावाचे पाणी आपल्या बांदीत उतरले का, एवढेच.

हाच माणूस रोवणीच्या दिवसांत या धुऱ्यावरून पलीकडच्या गड्याला हाक घालायचा, तेव्हा मधल्या चार बांद्यांतल्या बाया मान वर करून पाहायच्या. मंडईत दंडार उभी राहिली की मागे सूर धरायला त्यालाच बोलावणे यायचे. तो आवाज गेला कुठे?

अशा घरात एक आजार शिरलेला असू शकतो. जुने लोक त्याला कंपवात म्हणतात, डॉक्टर पार्किन्सनचा आजार म्हणतात. हात थरथरतात, पाऊल घसटत पडते, अंग ताठते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण हा आजार माणसाचे बोलणे हिरावतो, आणि दुसऱ्याचे बोलणे समजून घेण्यातही आड येतो, हे फार थोड्या घरांना माहीत असते. माहीत नसल्यामुळे होते काय, की ज्याचे डोके शाबूत आहे असा माणूस हळूहळू घरच्या कारभारातून बाजूला पडतो. धान केंद्रावर कधी न्यायचे, बैलजोडी विकायची की ठेवायची, पोरीचे लग्न कुठे जमवायचे, या बोलण्यात त्याला कोणी धरत नाही. तो काही बोलतच नाही ना! म्हणून आज या आजाराच्या इतर गोष्टी थोडक्यात आणि वाचेची गोष्ट सविस्तर सांगायची आहे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर एक छोटासा निबंध छापला. त्यात सहाच रोग्यांची हकीकत होती, आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्याने जाताना पाहिलेले होते. आजार वाढल्यावर रोग्याचे शब्द कळेनासे होतात, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल, तोच आता जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळतात. आपल्या मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तिथे डोपामिन नावाचे रसायन तयार होते. हालचाल किती जोराने, किती वेगाने करायची, याचे माप त्या रसायनावर ठरते. त्या पेशी मरू लागल्या की माप चुकते. त्या का मरतात, याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही. डोपामिनचे काम उलगडणारे स्वीडनचे अर्विद कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वाटेने लेव्होडोपा हे औषध आले, आणि आजही या आजारात मुख्य आधार त्याचाच आहे.

आपल्या रानात कुंपणाला खाजकुहिली चढते ना, अंगाला लागली की आग होते ती? तिच्या बियांत हेच लेव्होडोपा असते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी ते बियांतून वेगळे काढून दाखवले होते. पण म्हणून घरी बिया कुटून देऊ नका. कोणत्या बीत किती द्रव्य आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि डॉक्टरांच्या गोळीत तिची भर पडली तर चक्कर, ओकारी, भ्रम असे नवेच दुखणे उभे राहते.

आता आवाजाकडे वळू.

बोलणे म्हणजे नुसती जीभ हलवणे नव्हे. छातीतून वारा सुटला पाहिजे, गळ्यातल्या स्वरतंतूंनी एकमेकांना भिडले पाहिजे, मग जीभ-ओठांनी त्या सुराचे शब्द घडवले पाहिजेत. हे सगळे स्नायूंचे काम आहे. कंपवातात जशी पावले आखूड पडतात, अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जाते, तशीच ही कामेही तोकडी पडतात. आवाज लहान होतो. वाक्याच्या सुरुवातीला शब्द ऐकू येतात, शेवटाला हवेत विरतात. आणि मराठीत तर क्रियापद शेवटी येते! "बैल विकून टाका" आणि "बैल विकू नका" यांतला फरक नेमका त्या विरलेल्या टोकात असतो. आवाजातला चढउतार जातो, सगळे एका सुरात येते. कोणाचा आवाज घोगरा होतो, कोणाचे शब्द एकमेकांवर आदळत धावतात, तर कोणाचे पहिलेच अक्षर दारात अडल्यासारखे अडते. या आजाराच्या दहा माणसांपैकी सुमारे नऊ जणांना आजाराच्या ओघात कधी ना कधी बोलण्याचा त्रास होतो.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. आपला आवाज लहान झाला आहे हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही.

मामा तलावाचे तुडूम आठवा. तलावात पाणी आहे, पाटही धड आहे, पण तुडूम अर्धेच उघडले आहे, आणि उघडणारा म्हणतो आहे की मी तर पुरते उघडले. आबाजींचे तसे झाले आहे. घशात दोष नाही, मनात राग नाही. मेंदूतले माप बिघडले आहे. ते त्यांच्या मते नेहमीच्याच आवाजात बोलत असतात. त्यांना खरोखर नेहमीच्या आवाजात बोलायला लावले, तर आपण ओरडतो आहोत असे वाटून ते शरमतात. वडीलधाऱ्या माणसाने घरात ओरडावे, हे त्यांना शोभत नाही ना!

म्हणून "मोठ्यानं बोला" असे दिवसातून पन्नास वेळा म्हणून काही साधत नाही. त्यापेक्षा मोबाईलवर त्यांचे बोलणे टिपून घ्या. समोर बसून पाच मिनिटे गप्पा करा, मग हातभर अंतरावरून त्यांनाच ऐकवा. पुष्कळ माणसे पहिल्यांदा चकित होतात, हा माझा आवाज नाहीच म्हणतात. ऐकवताना मात्र हसू नका, आणि चारचौघांत ऐकवू नका.

चेहऱ्याचेही असेच आहे. चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात, पापणी कमी लवते, आणि माणूस सदा गंभीर, रुसलेला दिसतो. सून वाढते, तिला वाटते जेवण आवडले नाही. जेवण आवडलेले असते. नातू बक्षीस घेऊन येतो, आबाजींचा चेहरा ढिम्म. आत आनंद झालेला असतो, तो वर येत नाही. एक तर आवाज नाही, त्यात चेहऱ्यावर खूण नाही. मग घरच्यांनी ओळखावे तरी कशावरून? विचारूनच. "आबाजी, आवडलं का जी?" असे विचारा आणि उत्तराला थांबा.

ऐकू येते, पण उमगायला वेळ लागतो

ही झाली बोलण्याची बाजू. दुसरी बाजू त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. हा आजार ऐकलेले समजून घेण्यातही खोडा घालतो. कान तपासले तर कान ठीक निघतात. (म्हातारपणामुळे कान मंद झाले असतील तर ती गोष्ट वेगळी, ते एकदा तपासून घ्यावेच.) अडचण कानाच्या पुढे असते.

पहिले म्हणजे वेग. विचाराची चाल मंदावते, विचार बिघडत नाही. तुम्ही प्रश्न विचारला, तो त्यांना कळला, उत्तर तयार होते आहे, शब्द सापडतो आहे, तेवढ्यात तुम्ही दुसरा प्रश्न विचारता किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होता. त्यांचे उत्तर तोंडापर्यंत येते तेव्हा गोष्ट पुढच्या गावाला पोहोचलेली असते. मग ते उत्तर अवेळी बाहेर पडते आणि घरचे म्हणतात, "आबाजी भलतंच बोलतात." भलते नव्हते ते, उशिराचे होते.

दुसरे म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीची वाक्ये. "काल ज्या बायांना रोवणीला सांगितलं होतं त्यांच्यातल्या ज्या पलीकडच्या टोलीवरून येणार होत्या त्या येत नाहीत म्हणून मी आता दुसरीकडे पाहून येतो." हे वाक्य तुम्हाला-मला जड नाही. आबाजींना मात्र त्याचे पहिले टोक धरून ठेवून शेवटचे टोक गाठणे कठीण जाते. तेच असे म्हणा: "टोलीवरच्या बाया येत नाहीत. मी दुसऱ्या बाया पाहतो." समजले की नाही पाहा, मग पुढचे सांगा. लहान मुलाशी बोलल्यासारखे बोलू नका. आखूड बोलायचे, बोबडे नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत चटका लावणारी वाटते. आपण जे बोलतो त्यातले अर्धे शब्दांत असते आणि अर्धे सुरात. "वा, छान केलंत!" हे कौतुकही असते आणि टोमणाही, ते सुरावरून कळते. या आजारात तो सूर ओळखणे काहींना अवघड होते. आवाजातला राग, थट्टा, माया, कुरबुर यांतला फरक पुसट होतो. म्हणजे आपण त्यांचा चेहरा वाचू शकत नाही, आणि ते आपला सूर वाचू शकत नाहीत. एकाच घरात, एकाच भाषेत, आणि दोन्हीकडच्या खुणा पुसलेल्या! नवरा-बायकोत चाळीस वर्षांच्या संसारानंतर भांडणे सुरू होतात ती पुष्कळदा इथूनच. तेव्हा मनातले सुरावर सोडू नका, शब्दांत सांगा. "मी थट्टा केली जी." "मी रागावले नाही, थकली आहे." थोडे विचित्र वाटेल, पण सवय होते.

सगळ्यांनाच हे सगळे होते असे नाही. कोणाला आवाजाचा त्रास जास्त, कोणाला समजण्याचा. काहींना आजार जुना झाल्यावर विसराळूपणा आणि भ्रमही येतो. ते डॉक्टरांना लगेच सांगायचे, कारण कधी कधी ते औषधांमुळेही होते.

घरी काय करता येते

आधी डॉक्टर. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा, तिथून गरज पडली तर नागपूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. जाताना घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. याला कारण आहे. चक्कर येते म्हणून महिनोन्महिने घेतलेल्या काही गोळ्या, ओकारीवरची काही औषधे, मनाच्या आजारावरची काही औषधे यांच्यामुळेही हुबेहूब असाच ताठरपणा येऊ शकतो. तसे असेल तर डॉक्टर औषध बदलतात आणि पुष्कळदा माणूस सुधारतो.

कोणती शेतीची, कोणती खाणीची कामे केली तेही सांगा. आपल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली, तर मेंदूवर परिणाम होऊन कंपवातासारखाच पण वेगळा आजार होऊ शकतो. ग्लासगोच्या डॉक्टर कूपर यांनी १८३७ साली मँगनीज दळणाऱ्या कामगारांमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला, आणि त्यांचे बोलणे कुजबुजल्यासारखे झाले होते असे लिहिले. त्यात लेव्होडोपाचा गुण फारसा येत नाही, म्हणून तो वेगळा ओळखावा लागतो. खाणीत काम केलेल्या प्रत्येकाला हे होते असा अर्थ कोणी काढू नये. शेतीतल्या फवाऱ्याचेही तसेच. पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांत पार्किन्सनचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळले, असे अमेरिकेतल्या फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाहणीत २०११ साली दिसले. तेव्हा फवारताना तोंडाला फडके आणि हातात मोजे घाला, वाऱ्याच्या उलट फवारू नका. (लाखोळीच्या डाळीने पाय आखडतात तो आजार निराळा, त्यात वाचा जात नाही.)

लेव्होडोपाची गोळी घड्याळ लावून द्यावी. जेवणाआधी अर्धा तास दिलेली बरी, कारण डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिने आणि ही गोळी आतड्यात एकाच वाटेने शिरू पाहतात आणि गोळी मागे पडते. पोटात मळमळले तर कोरडे बिस्किट चालते. डॉक्टरांना न विचारता गोळी एकदम बंद करू नका, ते धोक्याचे आहे. गोळीचा भर असतो त्या तासात माणूस मोकळा हलतो, मोकळा बोलतो. महत्त्वाची बोलणी, कागदपत्रे, बँकेचे काम त्या वेळेत ठेवा. बँकेत सही बारीक होऊन जुळत नाही, तेव्हा साहेबांना आजाराचे नाव सांगावे.

पण हे खरे की गोळी हातापायांना जितकी लागू पडते तितकी आवाजाला पडत नाही. आवाजाला व्यायामच लागतो. अमेरिकेत १९८७ साली लोरेन रॅमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली. ली सिल्व्हरमन नावाच्या बाईंना हा आजार होता, आणि त्यांचे बोलणे आम्हाला ऐकू यावे एवढीच घरच्यांची मागणी होती. पद्धतीला त्यांचेच नाव दिले. आठवड्यातून चार दिवस, असे चार आठवडे, रोज तासभर, आणि शिकवण एकच: मोठा आवाज. जीभ अशी ठेवा, ओठ तसे ठेवा असे काही नाही. आवाज मोठा झाला की श्वास, जीभ, ओठ, चेहरा सगळेच त्याच्यामागून चालू लागते. आणि मोठ्या आवाजाचे ते माप इतक्या वेळा घोटायचे की ते आपले नेहमीचेच वाटू लागावे.

अशा शिकवणीसाठी वाचा-उपचारतज्ज्ञ लागतो. तो तालुक्याला मिळणार नाही, मोठ्या शहरात मिळेल. एकदा तरी दाखवून मोबाईलवरून पुढचे मार्गदर्शन मिळते का, ते विचारा. तोवर घरी एवढे करता येईल. सकाळी गोळी लागू झाल्यावर ताठ बसवा. पोटभर श्वास घेऊन "आ..." असा मोठा सूर जमेल तितका वेळ काढायला सांगा, घसा ताणून किंचाळायचे नाही. असे दहा-पंधरा वेळा. मग रोज लागणारी दहा वाक्ये ठरवून घ्या, "चहा आणा जी", "बैलांना पाणी दाखवलं का?" अशी, आणि ती अंगणातल्या माणसाला ऐकू जातील एवढ्या आवाजात म्हणवून घ्या. मग वर्तमानपत्राचा एखादा परिच्छेद मोठ्याने वाचायचा. आपल्या गावोगावी संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असते, भजन असते. बोलताना अडणारी पुष्कळ माणसे गाण्यात मोकळी होतात. तेव्हा आबाजींना भजनाला न्यायचे बंद करू नका, उलट पुढे बसवा.

जेवणाकडेही लक्ष असू द्या. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू तेच. लाळ गळते ती जास्त सुटते म्हणून नव्हे, गिळली जात नाही म्हणून. पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओला, गुरगुरता येत असेल, तर अन्नपाणी श्वासनळीत उतरते आहे असे समजा. त्यातून न्यूमोनिया होतो, आणि या आजारात जीव जायला तेच एक मोठे कारण ठरते. ताठ बसून, लहान घास, आणि तोंडात घास असताना त्यांना प्रश्न विचारायचे नाहीत. ठसका वारंवार लागला तर डॉक्टरांना दाखवा.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून एक मंडळ आहे. तिथे रोगी हा शब्दच वापरत नाहीत. आजार असलेला तो शुभार्थी, आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर. मला हे शब्द फार आवडले. मुंबईतही या आजारासाठी काम करणारी एक संस्था २००१ पासून आहे. आपल्या खेड्यात असे मंडळ नसले, तरी पलीकडच्या गावात असाच एखादा आबाजी गप्प बसलेला असेल. दोघांना महिन्यातून एकदा एका छपरीत बसवा. एकमेकांचे ऐकायला दोघांनाही मोठ्याने बोलावे लागेल.

आता दिवाळी झाली की मंडई येईल. घरी पाहुणे येतील, एकाच वेळी सहा जण बोलतील, बाहेर भोंगा सुरू असेल, आत टीव्ही. अशा गोंधळात आबाजींना काहीच उमगणार नाही, आणि त्यांचे तर कोणालाच ऐकू जाणार नाही. त्यांची खाट भोंग्यापासून दूर, आतल्या खोलीत घ्या. टीव्ही बंद करा. एकेकाने जाऊन समोर, त्यांना तोंड दिसेल असे बसावे. फोनवरच्या नातेवाइकांना चेहरा दिसेल असा फोन लावायला सांगा, नुसत्या आवाजावर त्यांना जड जाते. न कळलेले "हो हो" म्हणून मानेवर घेऊ नका. जेवढे कळले तेवढे म्हणून दाखवा, "तलावाचं म्हन्ता का जी?" म्हणजे त्यांना सगळे पुन्हा सांगावे लागत नाही, राहिलेलेच सांगता येते. आणि पाहुण्यांना दारातच सांगून ठेवा की, आबाजींना सगळे समजते, उत्तर यायला तेवढा थोडा वेळ लागतो.